चष्म्याच्या डबीतली किल्ली

बुधवार, दुपार

प्रिय ताई,

हे पत्र मनातल्या मनात वाच. तुला वाचताना पुटपुटायची सवय आहे, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा तू ओठ हलवत वाचतेस, म्हणून आधीच सांगते. हवं तर रुमाल दातांत धर, पण एक शब्दही तोंडातून बाहेर काढू नकोस. का, ते शेवटी सांगते. आणि रडू नकोस. रडण्याचं काम या वेळेला माझ्याकडे दे, मला दोन दिवसांत चांगला सराव झाला आहे.

उद्या सकाळी साडेसातला तुला ऑपरेशनसाठी आत नेतील. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती सांगू नये असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. भावोजी म्हणाले, "परवापर्यंत गप्प बस. ती शांत आहे, तिला शांतपणे आत जाऊ दे." बाबा नुसता चष्मा पुसत राहिले. मी तीन वेळा हे पत्र लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा फाडलं. हे चौथं. हे फाडायला आता वेळ नाही.

बाबांच्या चष्म्यावरून आठवलं. तू बस स्थानकाच्या खिडकीत गाड्या पुकारायला नुकतीच लागली होतीस, आणि घरी आल्यावरही तुझ्या अंगातली ती खिडकी जात नसे. हात तोंडापुढे धरून तू ओरडायचीस, "घरातल्यांनी कृपया लक्ष द्यावे. बाबांचा हरवलेला चष्मा बाबांच्या कपाळावर उभा आहे. बाबांनी तात्काळ संपर्क साधावा." आई हसून हसून खाली बसायची. बाबा चिडायचे आणि मग चष्मा सापडला म्हणून स्वतःच खूश व्हायचे. गावात तुझा चेहरा कुणाला माहीत नव्हता, पण तुझा आवाज सगळ्यांना माहीत होता. मी एकदा दुकानात वही घ्यायला गेले आणि तू मागून म्हणालीस, "खारू, शंभर पानी घे," तर दुकानदाराने चमकून विचारलं, "कुठली गाडी लागली?"

त्याच वर्षी तू कॉलेजात जाणार होतीस. अर्ज भरून तयार होता. पण बाबांचा हात कामावर यंत्रात सापडला आणि तू त्या खिडकीत जाऊन बसलीस. अर्ज खारूसाठी राखून ठेवला आहे, असं तू हसत सांगायचीस. पुढे दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर माझे डोळे आले, पंधरा दिवस पुस्तकाकडे बघायची मनाई, तेव्हा दिवसभर गाड्या पुकारून घसा बसलेली तू घरी येऊन मला इतिहास वाचून दाखवायचीस. लढाई संपली की म्हणायचीस, "ही लढाई सुटण्याच्या तयारीत आहे." आपल्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली, पण त्या पदवीचं निम्मं वाचन तुझ्या तोंडून झालेलं आहे. प्रमाणपत्रावर ते कुठेच लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

म्हणून तर हे काम समोर आलं तेव्हा मी दुसरीकडचं सगळं सोडून इकडे आले. ज्यांच्या घशातलं स्वरयंत्र काढावं लागणार आहे त्यांचा आवाज आधीच साठवून ठेवायचा. नंतर त्यातून त्यांच्याच आवाजात बोलणारं यंत्र तयार होतं, आणि आपल्या माणसांसाठी त्यांनी मुद्दाम सांगून ठेवलेलं जे असेल ते जसंच्या तसं राहतं. आमच्या ऑफिसात जेमतेम नऊ माणसं आहेत, चहाचं मशीन सारखं बिघडतं आणि खुर्च्या तीन प्रकारच्या आहेत, पण मला वाटायचं, याहून चांगलं काम जगात दुसरं नसेल. तेव्हा तुझ्या घशात काही आहे हे आपल्याला माहीतसुद्धा नव्हतं.

पहिल्याच महिन्यात बैठकीत साहेब म्हणाले, सगळ्या रेकॉर्डिंगच्या किल्ल्यांची एक प्रत आपल्याकडे ठेवू. मी उभी राहिले. मी तिथली सगळ्यांत नवी मुलगी. मी म्हटलं, माणसाचा आवाज त्या माणसाचा असतो, आपण त्याचे मालक नाही. त्याने मुलीला काय सांगितलं, बायकोला काय सांगितलं, ते आपल्याला ऐकता येईल अशी सोयच ठेवायची नाही. आमच्याकडे एक जुने प्रोग्रामर आहेत, वय बेचाळीसच, पण दिवसभर कोमट पाणी पितात म्हणून आम्ही त्यांना आजोबा म्हणतो. ते म्हणाले, "पोरी, प्रत ठेवायची नसेल तर हात फार पक्का लागतो." साहेब मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर बोलते आहे. तूच लिही ते." मी घरी आल्यावर तुला सगळं सांगितलं आणि तू दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढलीस.

मी काय लिहिलं ते आता नीट सांगते, कारण त्याशिवाय माझी चूक तुला कळणार नाही. प्रत्येक माणसासाठी किल्ल्यांची एक जोडी असते. एक उघडी, एक गुप्त. उघडी कुणालाही दिली तरी चालते, कारण तिने फक्त कुलूप लावता येतं. काढायला गुप्त किल्लीच लागते. ही जोडी एका वक्ररेषेवर तयार होते. रेषेवरच्या ठरलेल्या बिंदूवरून निघायचं आणि ठरलेल्या रीतीने उड्या घेत जायचं. किती उड्या, तो भला मोठा आकडा यंत्र स्वतःच मनात धरतं. तो आकडा म्हणजे गुप्त किल्ली. शेवटी ज्या बिंदूवर पोचलो ती उघडी किल्ली. आणि पोचलेला बिंदू बघून उड्या किती झाल्या हे कुणालाही उलटं काढता येत नाही, जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी नाही. कॉलेजात हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी तास संपल्यावरही बाकावर बसून राहिले होते. आपल्यासारख्यांच्या चिठ्ठीलाही राजाच्या खजिन्याएवढं कुलूप लागू शकतं, याचा मला इतका आनंद झाला होता.

जोडी तयार झाली की दोन्ही किल्ल्या यंत्राच्या आठवणीतून बाहेर काढून दोन फायलींत लिहायच्या. मी एक ओळ लिहिली, ही किल्ली 'उघडी' नावाच्या फायलीत लिही. मग तीच ओळ खाली उतरवली आणि फायलीचं नाव बदलून 'गुप्त' केलं. किल्ली बदलायची राहिली. एवढंच, ताई. एक शब्द. दोन्ही फायलींत उघडीच किल्ली गेली. आणि खरी गुप्त किल्ली, जी क्षणभर यंत्राच्या आठवणीत होती, ती पुढच्या ओळीत मी पुसून टाकली. तीन वेळा पुसली, कुणाला परत मिळू नये म्हणून. मूळ रेकॉर्डिंगही कुलूप लागल्याबरोबर तसंच पुसलं. मला त्या पुसण्याचा फार अभिमान होता.

सोमवारी सकाळी एक मास्तर आले. बत्तीस वर्षं गणित शिकवलेले, दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेले, गळ्याला पांढरा रुमाल, हातात मुलांची असते तशी छोटी पाटी. त्यांचं बोलणारं यंत्र तयार करायचं होतं. त्यांनी आम्हीच दिलेली, गुप्त किल्लीची इवलीशी पेनड्राइव्ह खिशातून काढली, कागदात गुंडाळून जपलेली. मी लावली. कुलूप निघेना. परत लावली. दुसऱ्या मशीनला लावली. आजोबा उठून आले. मास्तर आमच्या पाठीकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी पाटी पुढे केली, तिच्यावर लिहिलं होतं, "माझ्याकडून काही चुकलं का?"

आजोबांनी ती फाईल उघडली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. ही कुठली किल्ली आहे ते तिथे सरळ अक्षरांत लिहिलेलं असतं. त्यांनी विचारलं, "चाचणी घेतली होतीस ना?" घेतली होती. कुलूप लावलं, काढलं, निघालं. पण जोडी यंत्राच्या आठवणीत असतानाच. फायलीतून किल्ली परत उचलून कधी लावून पाहिली नव्हती. ते म्हणाले, "अगं, पण फाईल एकदा उघडून तरी बघायची." मी म्हटलं, दुसऱ्याची गुप्त किल्ली मी कशी बघणार? त्यांनी ती फाईल बंद केली. मग म्हणाले, "तुझ्या जागी एखादी चोंबडी मुलगी असती ना, तर आज सात माणसांचे आवाज वाचले असते."

आयुष्यात एकदाच तू मला मारलं आहेस, आठवतं? तुझ्या मैत्रिणीचं पत्र मी उघडून वाचलं म्हणून. "दुसऱ्याचं झाकलेलं ते झाकलेलंच राहू दे," असं म्हणालीस आणि मग स्वतःच रडलीस. ते मी इतकं मनावर घेतलं की गुप्त नाव असलेल्या फायलीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. हे मी तुझ्यावर ढकलत नाही. स्वतःच्या नावाने एखादी जोडी करून तीच फाईल उघडून बघायला मला काय झालं होतं? तुझी शिकवण चांगलीच होती. मी तिच्या मागे लपून आळस केला आणि त्याला तत्त्व म्हटलं.

सात माणसं, ताई. सहाजणांची ऑपरेशनं होऊन गेली आहेत. सातवं नाव तुझं आहे.

तुझ्या चष्म्याच्या डबीत कापसात ठेवलेली ती पेनड्राइव्ह, जी तू आता उशीखाली घेऊन झोपतेस, तिच्यात कुलूप काढणारी किल्लीच नाही. सहा आठवड्यांपूर्वी तुझा आवाज अजून पुरता तुझा होता, तेव्हा आमच्या त्या छोट्या खोलीत बसून तू चार दिवस जे बोललीस, ते सगळं आमच्याकडे आहे, एक अक्षर न हरवता, आणि ते कधीच कुणाला ऐकू येणार नाही. मी काचेच्या दाराबाहेर बसायचे. ऐकू येत नव्हतं, पण तू हातवारे करायचीस, मध्येच स्वतःशी हसायचीस, एकदा बोट नाचवून कुणाला तरी दम दिलास. शेवटच्या दिवशी बाहेर आलीस आणि माझे गाल धरून म्हणालीस, "आता मला कशाची भीती नाही. माझा आवाज तुझ्याकडे आहे." त्या दिवसापासून तू शांत झालीस. भावोजींना वाटतं तू देवाच्या भरवशावर शांत आहेस. मला माहीत आहे, तू माझ्या भरवशावर शांत आहेस.

आता याहून वाईट सांगते. मला हे सोमवारी कळलं. आज बुधवार आहे. डॉक्टरांनी तुला दिवसाला अर्धा तासच बोलायचं सांगितलं आहे, म्हणजे सोमवारचा अर्धा तास होता, मंगळवारचा होता. ते दोन्ही मी खाल्ले. मला वाटत होतं आजोबा काहीतरी करतील, पुसलेलं कुठे तरी खाली शिल्लक असेल, आणि तुला सांगावंच लागणार नाही. दोन दिवस आम्ही सगळी मशीनं उलटीपालटी केली. काल दुपारी आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "फार नीट पुसलं आहेस, पोरी." आणि काल संध्याकाळी तू मला फोन केलास. तुझ्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्या घोगऱ्या आवाजात तू मला काय विचारत होतीस? जेवलीस का, आवाज असा का येतोय, ऑफिसात कुणी बोललं का, सर्दी झाली असेल तर वाफ घे. आणि मी हूं हूं करत राहिले. ते रेकॉर्डसुद्धा केलं नाही. करावं असं डोक्यातच आलं नाही.

आज सकाळी मास्तर परत आले. आम्ही बोलावलं नव्हतं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, एक शब्द, एक ओळ, कोणाची चूक. मला वाटलं ते पाटी फेकून मारतील. साहेब मध्ये पडायला लागले तर मास्तरांनी हातानेच त्यांना बसवलं. पाटी पुसून त्यांनी लिहिलं, "बाकी कोणाचा आवाज शिल्लक आहे?" मी म्हटलं, एकीचा. त्यांनी लिहिलं, "कोण?" मी म्हटलं, माझी ताई, उद्या ऑपरेशन आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाकावर उभं करतील असं वाटलं. पाटी परत पुसली, या वेळेला बाहीनेच, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "मग इथे काय करतेस?"

म्हणून मी इथे आहे. तुझ्या दोन मजले खाली, औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर. शेजारी एक आजी बसल्या आहेत, दर पाच मिनिटांनी मला पाणी प्या म्हणून सांगतात. मघाशी भावोजी खाली आले होते. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. जिन्याचा कठडा धरून ते म्हणाले, "मी तिला सांगणार नाही. माझ्याने होणार नाही. पण तू सांगितलंस तर अडवणारही नाही. आवाज तिचा आहे." ताई, बैठकीत मी हेच म्हटलं होतं ना? तेव्हा ते वाक्य बोलायला किती सोपं होतं.

आता का लिहिलं ते. मी वर येऊन समोर उभी राहिले असते तर तू मला जवळ घेतलं असतंस. वेडे, होतं असं, म्हणाली असतीस. मी रडत राहिले असते आणि तू मला समजावत राहिली असतीस आणि आजचा अर्धा तासही माझ्यावर गेला असता. म्हणून पत्र, आणि म्हणून ओठ मिटून वाच म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, तू सकाळपासून खुणांनीच बोलते आहेस, पाच वाजता भिंगरी आईला भेटायला येणार म्हणून आजचा सगळा अर्धा तास तिच्यासाठी राखून ठेवला आहेस. तोच मी मागते आहे. पत्राबरोबर एक साधा रेकॉर्डर आहे. लाल बटण दाबायचं, बस. याला कुलूप नाही, किल्ली नाही. मी त्यात माझा आवाज भरून, बाहेर काढून, तीन वेगवेगळ्या मशीनांवर लावून ऐकला आहे. भिंगरीला मांडीवर घे आणि तिच्याशीच बोल, तिचं चिवचिवणंही येऊ दे त्यात. आवाज घोगरा आहे, मध्येच तुटतो, मला माहीत आहे. तीन वर्षांच्या पोरीला आईचा आवाज घोगराच होता असं वाटलं तरी चालेल. आवाजच नव्हता असं वाटायला नको. सोबत तुझा तो कागदही जोडला आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी काय काय बोलायचं त्याची तू यादी केली होतीस आणि टेबलावर विसरली होतीस. मी घडी घालून तशीच ठेवली होती, आज पहिल्यांदा उघडली. माफ कर, उघडावी लागली. दात पडेल तेव्हा. शाळेत कुणी चिडवलं तर. बाबांशी अबोला धरशील तेव्हा. पहिल्यांदा नापास झालीस की. माझा राग येईल तेव्हा. एकवीस आहेत, आणि अर्ध्या तासात एकवीस होणार नाहीत. कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची हे मी ठरवू शकत नाही, ते पाप माझ्याकडून करवून घेऊ नकोस. तू ठरव. फक्त सगळ्यांत खाली बाविसावं आहे, 'खारूला, एकटी पडेल तेव्हा'. तू त्यात काय बोलली होतीस ते मला कधीच कळणार नाही. तेवढं मात्र मी ठरवते. ते सोडून दे. तो वेळ भिंगरीला दे. मी पाच वाजता वर येईन आणि दाराबाहेर बसेन, तेव्हासारखीच, आत बघेन पण येणार नाही. बटण दाबलंस की दिवा लाल होतो. काचेतून तो मला दिसेल, तेवढं मला पुरे आहे.

तुझीच,
खारू